बाळंतिणीची भूल: तोंडावर की कमरेत?

सिझेरियन झालेली बाई घरी आली, की शेजारणी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला बाळाचा. दुसरा असा: 'भूल कशी दिली गं, तोंडावर की कमरेत?' कमरेत दिली असे कळले, की कुणीतरी लगेच म्हणते, 'मग आता पाठ जन्मभर दुखायची.' नंदुरबार शहर असो की धडगावकडचा एखादा पाडा, हे संभाषण फारसे बदलत नाही. पाड्यावर आणखी एक वाक्य ऐकू येते: 'तिथे भूल देणारा डॉक्टर नव्हता, म्हणून पुढे पाठवले.'

या दोन वाक्यांमागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तो उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते. त्यात रसायनशास्त्र आहे, घनता आहे, रक्ताभिसरण आहे आणि आकडे कसे वाचावेत याचा एक चांगला धडाही आहे.

आधी शब्दांचा उलगडा करू. सिझेरियनसाठी भूल मुख्यतः तीन प्रकारे देतात. पहिली संपूर्ण भूल. यात शिरेतून किंवा श्वासावाटे औषध देऊन बाईला बेशुद्ध करतात. दुसरी 'स्पायनल'. कमरेच्या दोन मणक्यांमधून बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवात थोडे औषध सोडतात. छातीपासून खालचा भाग बधिर होतो, बाई जागी राहते आणि बाळाचा पहिला आवाज तिला ऐकू येतो. तिसरी 'एपिड्युरल'. यात सुई त्या द्रवापर्यंत नेत नाहीत, आवरणाच्या अलीकडे थांबवतात आणि तिथे एक बारीक नळी ठेवतात. औषध जास्त लागते, परिणाम सावकाश होतो, पण नळीतून ते पुन्हा पुन्हा देता येते.

केळ्याच्या दारूपासून क्लोरोफॉर्मपर्यंत

भूल येण्यापूर्वी पोट फाडून बाळ काढणे म्हणजे बहुतेक वेळा आईचा जीव घेणेच होते. तरीही जगात काही ठिकाणी लोकांनी आपापला मार्ग शोधला होता. रॉबर्ट फेल्किन हा इंग्रज प्रवासी १८७९ साली आजच्या युगांडातल्या बुन्योरो राज्यात होता. तिथल्या वैद्याने केलेली अशी शस्त्रक्रिया त्याने पाहिली. बाईला केळ्याची दारू पाजून गुंगवले होते. त्याच दारूने वैद्याने आपले हात आणि तिचे पोट धुतले. रक्त थांबवायला तापवलेले लोखंड वापरले आणि जखम लोखंडी टाचण्यांनी बंद केली. अकराव्या दिवशी जखम भरलेली होती. फेल्किनने १८८४ साली हे एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले, तेव्हा युरोपातल्या डॉक्टरांनाही आश्चर्य वाटले.

युरोप-अमेरिकेतली भूल तोवर तीन दशकांहून जुनी झाली होती. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून शस्त्रक्रिया वेदनेविना होऊ शकते हे दाखवले. बातमी जहाजाने निघाली आणि २२ मार्च १८४७ रोजी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ईथर वापरले गेले. त्याच वर्षी जानेवारीत एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीसाठी ईथर दिले आणि नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. प्रसूतीच्या कळा निसर्गानेच दिल्या आहेत, त्या शमवणे योग्य नाही, असा विरोध त्यांना झाला. पुढे ७ एप्रिल १८५३ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात (ते सिझेरियन नव्हते) डॉ. जॉन स्नो यांनी क्लोरोफॉर्म दिला आणि विरोधाची धार कमी झाली. दूषित पाण्याच्या पंपावरून कॉलऱ्याचा माग काढणारे जॉन स्नो ते हेच.

भारतासारख्या देशात क्लोरोफॉर्म लोकप्रिय झाला, यामागे साधे भौतिकशास्त्र होते. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते. नंदुरबारच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा खोलीत ईथरची बाटली उघडली तर औषध रुग्णाच्या नाकात जाण्याआधीच उडून जाणार. शिवाय ईथर पेट घेते, आणि रात्रीच्या शस्त्रक्रिया तेव्हा दिव्याच्या उघड्या ज्योतीत होत. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, सहजी पेटत नाही आणि थोडासा पुरतो.

पण त्याचा एक दोष भयंकर होता. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दगावली. नंतर असे मृत्यू होतच राहिले. धडधाकट माणूस, साधी शस्त्रक्रिया आणि अचानक मृत्यू, असे का होते?

हैदराबादचा वाद

या प्रश्नाचा तपास आपल्या शेजारीच झाला. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या राज्याच्या राजधानीत एडवर्ड लॉरी हे डॉक्टर होते. क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो आणि हृदय नंतर, म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे न पाहता श्वासाकडे पाहावे, असे त्यांचे ठाम मत होते. निजामाने पैसा दिला आणि १८८८ व १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. शेकडो कुत्र्यांवर प्रयोग झाले. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. हृदयाला धोका आहे असे मानणारे ब्रंटन इथले प्रयोग पाहून लॉरींच्या बाजूला झुकले.

त्या काळी हैदराबादच्या मेडिकल स्कूलमध्ये रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी शिकत होती. तिने लॉरींच्या हाताखाली क्लोरोफॉर्म देण्याचे काम केले. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत आज तिचे नाव घेतले जाते.

आयोगाचा निष्कर्ष मात्र अपुरा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना, विशेषतः शरीरात ॲड्रिनलिन वाढलेले असताना, हृदयाची लय एकाएकी बिघडून ते थांबू शकते. घाबरलेल्या रुग्णाचा सुरुवातीलाच मृत्यू का होई, ते यातून कळले. विज्ञानाच्या शिक्षकाने हा प्रसंग वर्गात जरूर सांगावा. प्रयोग भरपूर होते, हेतू प्रामाणिक होता, पण ज्या परिस्थितीत माणसे मरत होती ती परिस्थिती प्रयोगात आलीच नव्हती. आणि तरीही 'श्वासावरची नजर हलवू नका' हा लॉरींचा सल्ला आजही खोटा ठरलेला नाही.

कमरेतली सुई

जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी एका रुग्णाच्या कमरेत कोकेनचे द्रावण सोडून पायाची शस्त्रक्रिया केली. आठवड्याभराने त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर करायचे ठरवले. बिअर यांच्यावरचा प्रयोग फसला, कारण पिचकारी सुईला नीट बसेना आणि पाठीतला द्रव गळून गेला. हिल्डेब्रांट मात्र पुरते बधिर झाले. बिअर यांनी त्यांच्या नडगीवर घाव घातले, कातडीला जळती सिगार लावली, त्यांना काहीच कळले नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघांचीही डोकी दुखू लागली. बिअर उठून बसले की डोके ठणके, आडवे झाले की थांबे. हे नऊ दिवस चालले. सुईच्या भोकातून द्रव झिरपत राहतो म्हणून असे होते, हा त्यांचा तर्क बरोबर होता. आजच्या सुया कितीतरी बारीक आणि पेन्सिलीच्या टोकासारख्या असतात. त्या आवरणाचे धागे कापत नाहीत, बाजूला सारतात. त्यामुळे ही डोकेदुखी आता शंभरांत एखादीला होते.

बिअर यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १९०० साली, स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे ऑस्कर क्राइस यांनी ही पद्धत प्रसूतीसाठी वापरली. पण औषध पाठीत किती वर चढेल याचा भरवसा नव्हता. खाली राहिले तर पोट बधिर होत नाही, फार वर गेले तर श्वास बंद पडतो. हे कोडे लंडनचे आर्थर बार्कर यांनी १९०७ साली सोडवायला घेतले. त्यांनी पाठीच्या कण्याच्या बाकाप्रमाणे काचेची नळी वाकवून घेतली आणि औषधात ग्लुकोज मिसळून ते पाठीतल्या द्रवापेक्षा जड केले. जड द्रव उतारावरून खाली जाणार. माणूस उताणा झोपला, की कमरेचा भाग टेकडीसारखा वर येतो आणि खांद्यांच्या पात्यांमध्ये खळगा होतो. कमरेत सोडलेले जड औषध त्या खळग्याकडे वाहते आणि तिथे साचते. डोक्याखाली उशी असली की मान उंच राहते आणि औषध पुढे चढत नाही.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. मीटरभर पारदर्शक नळी फळीवर तारेने अशी बांधा, की मधोमध एक टेकडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे होतील. दोन्ही टोके टेकडीच्या माथ्याइतकीच उंच ठेवा. माथ्यावर छोटे भोक पाडा आणि नळी साध्या पाण्याने भरा. आता शंभर मिलिलिटर पाण्यात दोन चमचे साखर आणि थोडी शाई विरघळवा. हे पाणी ड्रॉपरने माथ्यावरच्या भोकातून हळूच सोडा. रंग कुठे जातो? नंतर साखर न घालता नुसते शाईचे पाणी सोडून पाहा. फळी एका बाजूला थोडी कलती केली तर काय होते? शस्त्रक्रियेचे टेबल डोक्याकडून किंवा पायाकडून कलते का करतात, याचे उत्तर मुले स्वतःच देतील. आज सिझेरियनसाठी बहुतेक ठिकाणी जे 'हेवी' ब्युपिव्हाकेन वापरतात, त्यात आठ टक्के डेक्स्ट्रोज असते. कमरेत जाणारे औषध असते जेमतेम दोन मिलिलिटर.

भरलेले पोट आणि दबलेली शीर

मग लगेच सगळीकडे स्पायनल सुरू झाले असेल, असे वाटेल. तसे झाले नाही. स्पायनलने रक्तवाहिन्या सैल पडतात आणि रक्तदाब घसरतो. गरोदर बाईत तो धोकादायक पातळीपर्यंत घसरे. याचे एक मोठे कारण १९५३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी स्पष्ट केले. बाई उताणी झोपली, की भरलेले गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर दाबून बसते आणि हृदयाकडे जाणारे रक्त अडते. उपाय अगदी साधा आहे. उजव्या कुल्ल्याखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर ठेवायची, म्हणजे पोट डावीकडे कलते. शेवटच्या महिन्यांत डाव्या कुशीवर झोपायला सांगतात त्याचे कारणही हेच.

इंग्लंडमध्ये आणखी एक घटना घडली. १९४७ साली चेस्टरफील्ड येथे एकाच दिवशी स्पायनल दिलेले दोन पुरुष कायमचे पांगळे झाले. खटला चालला आणि १९५४ मधल्या निकालानंतरही स्पायनलची भीती तिथे कित्येक वर्षे टिकली. औषधाच्या कुप्यांना न दिसणाऱ्या भेगा पडून फिनॉल आत गेले असावे, असे तेव्हा ठरले. पुढे दुसरे मत पुढे आले, की उपकरणे उकळण्याच्या भांड्यातले आम्ल सुयांना लागून राहिले असावे. दोन्ही स्पष्टीकरणांत पद्धत निर्दोष ठरते आणि दोष स्वच्छतेच्या रीतीकडे जातो.

दुसरीकडे संपूर्ण भुलीचाही एक जुना शत्रू ओळखला गेला. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली एका प्रसूती रुग्णालयातल्या ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. ६६ स्त्रियांच्या पोटातले अन्न किंवा आम्ल भुलीत असताना फुफ्फुसात गेले होते. कळा सुरू झाल्यावर जठर रिकामे व्हायला फार वेळ लागतो. बेशुद्ध माणसाला ठसका येत नाही. म्हणून गरोदर बाईला संपूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी झटपट आणि अचूक घालावी लागते. गरोदरपणी घशाला सूज असते, शरीर प्राणवायू भरभर वापरते, त्यामुळे हातात वेळ थोडा असतो. शिवाय औषधे वारेतून बाळापर्यंत जातात. नवजात बाळाचा रंग, नाडी, श्वास पाहून गुण देण्याची पद्धत १९५३ साली प्रसिद्ध करणाऱ्या व्हर्जिनिया ॲपगार स्वतः भूलतज्ज्ञ होत्या, हा योगायोग म्हणता येणार नाही.

आकडे काय सांगतात

अमेरिकेत १९८५ ते १९९० या काळात सिझेरियनच्या वेळी संपूर्ण भूल दिलेल्या दर दहा लाख स्त्रियांमागे सुमारे ३२ मृत्यू भुलीमुळे झाल्याचा अंदाज निघाला. स्पायनल-एपिड्युरलमध्ये तोच आकडा दोनच्या आत होता. म्हणजे जवळजवळ सतरापट फरक. १९९७ ते २००२ या काळात मात्र हे आकडे ६.५ आणि ३.८ झाले. फरक पावणेदोन पटीच्याही आत आला.

हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारावे: यावरून संपूर्ण भूल वाईट ठरते का? विचार करू लागलेली मुले हळूहळू म्हणतील, की संपूर्ण भूल कुणाला देतात ते आधी पाहिले पाहिजे. अगदी घाईची वेळ, खूप रक्तस्राव, झटके, रक्त न गोठण्याचा दोष अशा अवस्थेतल्या बायकांनाच ती बहुधा मिळते. आजारीच जास्त होत्या, तर मृत्यूही जास्तच दिसणार. आणि मधल्या काळात फरक का घटला? बोटाला चिमट्यासारखे लावायचे, प्राणवायू मोजणारे यंत्र हे त्याचे एक कारण. त्याचे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. करोनाच्या साथीत ते घरोघरी पोहोचले. नळी घालणे अवघड गेल्यास काय करायचे याचे नियमही याच काळात बसले.

एकंदरीत आज डॉक्टरांचे मत असे आहे: वेळ असेल आणि अडचण नसेल तर स्पायनल बरे. कळांसाठी एपिड्युरलची नळी आधीच बसवली असेल, तर तीच वापरावी. भरपूर रक्त जात असेल किंवा क्षणाक्षणाला महत्त्व असेल तर संपूर्ण भूल. पाठदुखीचे म्हणाल, तर बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांची पाठ दुखते, सिझेरियन न झालेल्यांचीही. सुई टोचली तिथे काही दिवस हुळहुळते. कायमच्या पाठदुखीचे खापर मात्र त्या सुईवर फोडता येत नाही, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे.

सातपुड्यातून पाहिले तर

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा सहा तालुक्यांचा. त्यातले अक्राणी आणि अक्कलकुवा सातपुड्यात आणि नर्मदेच्या काठी पसरलेले. काही पाड्यांवर आजही गाडी पोहोचत नाही. बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या गावांत होडीतून.

वरचा सगळा इतिहास या झोळीपाशी येऊन थांबतो. अडलेली बाई तासन्‌तास प्रवास करून पोहोचते, तेव्हा तिची अवस्था काय असते? वाटेत कुणी मायेने भाकरी खाऊ घातलेली, म्हणजे पोट भरलेले. तेव्हा संपूर्ण भुलीत मेंडेलसन यांचा धोका. रक्त बरेच गेलेले, अंगात आधीच रक्त कमी. तेव्हा स्पायनलने रक्तदाब कोसळण्याचा धोका. पुस्तकातली 'वेळ असेल आणि अडचण नसेल तर' ही अट रस्त्यानेच मोडून टाकलेली असते. भुलीच्या निवडीतला मोठा भाग टेबलावर पोहोचण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो.

त्यात सिकलसेलची भर. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. प्राणवायू कमी पडला, अंग गार पडले किंवा शरीरातले पाणी घटले, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. शस्त्रक्रियेच्या वेळी या तिन्ही गोष्टी होऊ शकतात. अशा स्त्रियांना शक्यतो कमरेतली भूल देतात आणि उब, सलाईन, प्राणवायू यांची जास्त काळजी घेतात. पण त्यासाठी तिला सिकलसेल आहे हे आधी माहीत असले पाहिजे.

आणि 'भूल देणारा डॉक्टर नव्हता' याचे काय? सिझेरियनला दोन डॉक्टर लागतात. एकाचे लक्ष पोटाकडे, दुसऱ्याचे श्वास, नाडी आणि रक्तदाबाकडे. हैदराबादचा धडा तोच होता. ग्रामीण भागात हा दुसरा डॉक्टर मिळत नाही, म्हणून सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना अडलेल्या बाळंतिणींसाठी भूल द्यायला शिकवणारा १८ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. २००५ नंतर ग्रामीण आरोग्य अभियानातून तो राज्याराज्यांत गेला. नंदुरबारला २०२० साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. दुसरीकडे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खाजगी रुग्णालयांत ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसते, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. कुठे गरज नसताना पोट फाडले जाते, आणि कुठे गरज असताना भूलतज्ज्ञाविना वाट पाहावी लागते.

शिक्षकांनी काय करावे? भूल देणे आपले काम नाही. पण आश्रमशाळेतल्या आठवी-नववीच्या मुलीला चार गोष्टी माहीत असल्या, तर त्या घरापर्यंत जातात. गरोदरपणात रक्ताची आणि सिकलसेलची तपासणी करून घ्यावी आणि तिचे कार्ड बाळंतपणाच्या वेळी बरोबर न्यावे. नाव लवकर नोंदवावे. पूर्वी सिझर झालेले असेल, मूल आडवे असेल, तर दिवस भरत आल्यावर रस्त्याजवळच्या नातेवाइकांकडे येऊन राहावे. रुग्णालयात निघाल्यावर काय खाल्ले आणि किती वाजता, हे डॉक्टरांना खरेखरे सांगावे. रागावतील म्हणून लपवू नये. त्या उत्तरावरून डॉक्टर सुई उचलायची की श्वासनळी, हे ठरवत असतात.

आणि कमरेतल्या सुईने जन्मभर पाठ दुखते असे कुणी म्हणाले, तर त्यांना साखरेच्या पाण्याची ती नळी दाखवावी. औषध किती थोडे असते, कुठे जाते आणि कुठे थांबते, हे डोळ्यांनी दिसले की भीती बरीच कमी होते.